‘पोट दुखायलंय, एक गोळी द्या!’

आषाढी एकादशीला पंढरपूर गाठणे जमले नाही, तर आमच्या बीड भागातील माणसाची पावले नारायणगडाकडे वळतात. नगद नारायण महाराजांच्या या स्थानाला लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात, ते उगीच नव्हे. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून मीही दर साल या दिवशी गडावर जातो. दर्शन होते, जुनी गिऱ्हाइके भेटतात, आणि खरे सांगायचे तर घरात एकट्याने उपवासाची खिचडी खाण्यापेक्षा गडावरच्या गर्दीत ती अधिक गोड लागते.

गिऱ्हाइके म्हणालो, कारण मी औषधविक्रेता. डॉक्टर नव्हे. जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी तीस वर्षांहून अधिक काळ मी औषधांचे दुकान चालविले. भिंतीवर परवाना, गल्ल्यामागे मी, आणि गल्ल्यापुढे ‘लवकर द्या हो, गाडी सुटंल’ म्हणणारी माणसे.

दोन वर्षांपूर्वीच्या एकादशीची गोष्ट. दर्शनाच्या रांगेच्या कडेला एक तिशीतली बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी तिची सासू, आणि भोवती आपल्याकडे अशा वेळी जमते तशी सल्लागारांची सभा. कोणी ओवा काढला, कोणी सोडा सुचविला, कोणी बेंबीत हिंग घालायला सांगितले. एका गृहस्थाने तर बंडीच्या खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टीच काढली. स्वतःची दाढ दुखत होती म्हणून त्याने ती आणलेली. ‘ही घ्या, धा मिन्टात ऱ्हातंय,’ असे त्याने छातीठोकपणे सांगितले.

तेवढ्यात सासूबाईंनी मला ओळखले. “दुकानवाले दादा, ही गोळी पोटाला चालती का बगा की!”

मी पट्टी उलटी करून वाचली. डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटॅमॉल यांचे मिश्रण. मग मी सुनेला चार प्रश्न विचारले. दुखणे कधीपासून? काल रात्रीपासून. कोठे? आधी बेंबीभोवती, आता उजवीकडे खाली. उलटी? एकदा झाली. खाल्ले काय? काहीच नाही, एकादशी होती, आणि तीही निर्जळी. पाळी चुकली आहे का, हे मी सासूबाईंच्या मार्फत विचारले. चुकलेली नव्हती. मग तिने आपण होऊन एक गोष्ट सांगितली, “काका, जीपगाडी खड्ड्यात आदळली की जीव जायलाय असं व्हतंय.”

मी ती पट्टी त्या गृहस्थाच्या खिशात परत ठेवली आणि तिच जीप बीडकडे फिरवायला लावली. संध्याकाळी तिच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते फुटले असते, असे तेथील डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितले.

तुम्ही म्हणाल, दुकानदाराने मोठे पुण्य जोडले. थांबा. हीच बाई पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या गल्ल्यासमोर उभी राहिली असती, तर मी एकही प्रश्न न विचारता तीच गोळी तिच्या हातावर ठेवली असती, पैसे गल्ल्यात टाकले असते आणि ‘पुढचं कोण?’ म्हणालो असतो. गोळीने दुखणे चार-सहा तास दबले असते, ती घरी जाऊन निजली असती, आणि मध्यरात्री अपेंडिक्स फुटले असते. डॉक्टरांच्या नजरेखाली रोग्याला वेदनाशामक देण्यास आज कोणी हरकत घेत नाही. धोका निराळा आहे. घरी घेतलेली गोळी माणसाला ‘बरे वाटले’ असे सांगते, आणि बरे वाटलेला माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

गोळीला पत्ता ठाऊक नसतो

वेदनाशामक गोळी काम कशी करते, हे मलाही दुकान सुरू केल्यानंतर फार उशिरा नीट कळले. अ‍ॅस्पिरिन १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन याने शुद्ध रूपात तयार केले. पण ते दुखणे थांबवते कसे, याचा उलगडा व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांचे उत्पादन बंद पाडतात. या कामासाठी त्यांना १९८२ साली दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रोस्टाग्लँडिन म्हणजे आपल्या गावच्या बलुतेदारासारखे आहे, घरोघरी त्याचे काम निराळे. सुजलेल्या सांध्यात ते वेदना वाढवते. जठरात मात्र तेच आतल्या अस्तरावर बुळबुळीत लेप राखते, म्हणून आपलेच आम्ल आपलेच पोट जाळीत नाही. मूत्रपिंडात ते रक्ताचा पुरवठा चालू ठेवते, विशेषतः अंगातले पाणी कमी झाले असता. आणि पाळीच्या दिवसांत ते गर्भाशयाला पिळे घालते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन यांपैकी कोणतीही गोळी घ्या, तिला पत्ता ठाऊक नसतो. गुडघ्यासाठी घेतली तरी ती जठरात, मूत्रपिंडात आणि गर्भाशयातही जाऊन हे उत्पादन अडवते.

एवढे ध्यानात आले की पोटदुखीचे अर्धे कोडे सुटते. पाळीच्या कळांवर मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन खरोखर गुणकारी आहे, कारण ते कळेच्या मुळाशीच हात घालते. पण जळजळणाऱ्या पोटावर, आम्लपित्तावर, जुन्या व्रणावर तीच गोळी घेणे म्हणजे पेटल्या पाचटावर रॉकेल ओतणे आहे. दोघांनाही आपण म्हणतो मात्र एकच, ‘पोट दुखायलंय’!

आणखी एक समजूत आहे, जेवून गोळी घेतली म्हणजे पोट वाचते, आणि सुई टोचून घेतली म्हणजे तर पोटाचा संबंधच उरत नाही. पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. भरल्या पोटी गोळी कमी झोंबते. परंतु औषध रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतेच. म्हणून दिवसेंदिवस घेतली तर भाकरीही राखण करीत नाही आणि सुईही नाही.

माझी आक्का

हे सारे मी पुस्तकी पांडित्य म्हणून लिहीत नाही. माझी थोरली बहीण विधवा झाल्यावर आमच्याकडेच राहत असे. तिचे गुडघे दुखत. घरातच दुकान म्हटल्यावर गोळ्यांना काय तोटा? सकाळी एक, रात्री एक अशी डायक्लोफिनॅक ती कित्येक महिने घेत होती. पट्टी मीच आणून देई, बहिणीकडून पैसे कसले घ्यायचे!

पुढे तिच्या पोटात आग पडू लागली. आक्काच्या हिशेबी दुखण्याची गोळी ती दुखण्याची गोळी, मग गुडघा काय आणि पोट काय! तिने मला न सांगता दुपारची तिसरी सुरू केली. मी तिला ठेचा बंद करायला लावला. आपल्याकडे पोटातल्या प्रत्येक आगीचा ठपका बिचाऱ्या ठेच्यावर! वास्तविक जठरातल्या व्रणांमागे बहुधा दोनच मोठे गुन्हेगार असतात. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. हा जंतू जठराला बाधतो हे पटवून देण्यासाठी बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने १९८४ साली तो स्वतः पिऊन दाखविला, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळविले. दुसरा गुन्हेगार म्हणजे या गोळ्या. आक्काच्या बाबतीत तो माझ्याच फळीवर बसला होता.

एके सकाळी ती परसातून आली ती भिंत धरून. तोंड पांढरे फटक, अंगाला घाम. शौचाला डांबरासारखे काळे झाले असे ती म्हणाली. ‘काल काळे मनुके खाल्ले म्हणून असंल,’ असा तिचाच खुलासा! डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा मळ म्हणजे जठरातून रक्त वाहत असल्याची खूण, हे मला ठाऊक होते. पाठ होते म्हणा ना, परीक्षेला आले होते. परंतु आपल्या घरात ते आले की कळायला वेळ लागतो. तिला चार बाटल्या रक्त चढवावे लागले. दुर्बीण घालून पाहिली, जठरात व्रण सापडला. आक्का वाचली, पुढे अनेक वर्षे जगली, आणि मला एका शब्दाने बोलली नाही. एखादा शब्द बोलली असती तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मी गल्ल्यावर प्रश्न विचारू लागलो. गिऱ्हाइके कमी झाली. ‘ह्यो लई चौकशा करतोय’ म्हणून काही समोरच्या दुकानात गेली. असो.

कायदा काय म्हणतो, तेही येथेच सांगून टाकतो. अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटॅमॉल ही घरगुती औषधांत मोडतात. हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या खेड्यात किराणा दुकानदारही ती मूळ वेष्टनात, परवान्यावाचून विकू शकतो. डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाची औषधे आहेत. पट्टीवरची सावधगिरीची सूचना त्यासाठीच असते. प्रत्यक्षात काय चालते, ते वाचकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. घरात जुने कोणी असेल तर त्यांना ‘एपीसी’च्या गोळ्या आठवत असतील. डोके दुखो की पोट, एपीसी! तिच्यातले फेनॅसिटिन मूत्रपिंडे बिघडवते असे निष्पन्न झाले आणि सरकारने १९८३ साली त्याच्यावर बंदी घातली. तोवर दोन पिढ्यांनी ती चण्याफुटाण्यासारखी खाल्ली होती.

कोयता आणि खाडा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास बसलो, तिच्याकडे वळतो.

हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघत असतील. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘एक कोयता’ म्हणतात. एका कोयत्याची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, आणि ती पावसाळ्यात खर्चूनही झालेली असते. मग पुढचे पाच-सहा महिने ती फेडावयाची. पहाटे अंधारात फडात शिरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, आणि रात्री कोपीत येऊन चूल पेटवायची. एक दिवस कामावर गेले नाही तर ‘खाडा’ पडतो. पाचशे रुपयांपर्यंत खाडा कापल्याच्या तक्रारी आहेत. मजुरी बुडते ती वेगळीच.

पाळीच्या दिवशी डोक्यावर मोळी असताना पोटात कळ आली तर त्या बाईने काय करावे? ती गोळी घेते. टोळ्या निघण्याच्या आठवड्यात माझ्या दुकानात बायका पाकिटेच्या पाकिटे मागत. “दोन डबे द्या काका, तिकडं दुकान लांब असतंय.” मीही देत असे, कारण हंगामातली ती चांगली विक्री होती.

फडातली बाई ती गोळी कशी घेते हे मात्र मी कधी विचारात घेतले नव्हते. पोटात काही नसते. पाणी पुरेसे प्यालेले नसते, कारण फडात आडोसा नाही, म्हणून बायका पाणी पिणेच टाळतात. ऊन वाढलेले असते. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला ज्या द्रव्याचा आधार असतो, नेमके तेच ही गोळी काढून घेते. पाळीसाठी सर्वांत अधिक खपणाऱ्या गोळीत मेफेनॅमिक अ‍ॅसिडबरोबर डायसायक्लोमिन असते. ते पिळे सैल करते हे खरे, पण घामही कमी करते. उन्हात राबणाऱ्या अंगाचा घाम आटला तर उष्माघात जवळ येतो. गावातल्या पंख्याखाली निजलेल्या मुलीला जी गोळी सोसते, ती फडातल्या तिच्या बहिणीला तशीच सोसेल असे नाही.

आणि गोळीने महिनोन्‌महिने दाबलेले दुखणे शेवटी कोठे जाते, ते सबंध देशाने २०१९ साली वाचले. त्या वर्षी जूनमध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर सर्वेक्षण आले. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहांत एक. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. कोणाचे पोट दुखत होते, कोणाला अंगावरून पांढरे जात होते, कोणाला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली होती. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले.

डॉक्टरांवर, मुकादमांवर, कारखान्यांवर बरेच लिहून आले, आणि ते लिहायलाच हवे होते. परंतु या बायकांपैकी कितीतरी जणी दवाखान्यापूर्वी वर्षानुवर्षे माझ्यासारख्याच्या गल्ल्यावर येत होत्या. अंगावरून पांढरे जाणे आणि ओटीपोटात दुखणे हे बहुधा संसर्गाचे लक्षण. तपासून योग्य औषध वेळेवर घेतले तर बहुतेक वेळा बरे होण्यासारखे. वेदनाशामकाने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची ओरड ऐकू येत नाही. ‘बाई, हे कितव्या महिन्याचे दुखणे? एकदा सरकारी दवाखान्यात दाखव,’ एवढे एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला असता?

मग घ्यावी तरी कशी?

गोळी घेऊच नका, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्याने कधी मोळी उचललेली नसते. विचार मात्र आधी करावा.

पोट का दुखते हे कळत नसेल, किंवा ते छातीखाली जळजळत असेल, तर वेदनाशामकाला हात लावू नये. आम्लशामक घ्यावे, साधे अन्न खावे, दोन दिवसांत उतार न पडला तर दाखवावे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत घाम आणि धाप असेल, तर तो ‘गॅस’ समजून घरी बसू नये. हृदयविकार पुष्कळदा पोटाचे सोंग घेऊन येतो. साध्या दुखण्याला पॅरासिटॅमॉल त्यातल्या त्यात सौम्य, जठराला ते झोंबत नाही. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन, दोन वेळांत निदान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या वर कधीही नाही. अंगाने किडकिडीत, दारू पिणारा, यकृत बिघडलेला असेल त्याने डॉक्टरांना विचारून याहून बरीच कमी घ्यावी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असते हे लोक विसरतात, आणि दोन्ही मिळून यकृतावर घाला पडतो.

पाळीच्या कळांसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावे. मग ते दोन-तीन दिवसांपुरतेच, चार घास खाल्ल्यावर, तांब्याभर पाण्याबरोबर घ्यावे. व्रण, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, रक्त पातळ करण्याचे औषध, यांपैकी काही असेल तर नाही. पोटुशी बाईने तर नाहीच, आणि पाळी चुकून पोट दुखत असेल तर आधी दवाखाना, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेतते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत सावधगिरीची सूचना काढली. क्वचित काही जणांना त्याने ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज येते, तीही पुष्कळदा गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांनी, म्हणजे गोळी विसरल्यावर.

पोट लाकडासारखे ताठ होणे, दुखणे एका जागी येऊन वाढत जाणे, काळा मळ, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, दुखण्याबरोबर ताप, घेरी. यांतले एकही दिसले तर गोळी शोधू नये, १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी. ती चौकशी करीत नाही की खाडा लावीत नाही.

त्या एकादशीच्या बाईचे मात्र सांगायचे राहिले. दसऱ्यानंतर ती नवऱ्यासह माझ्या दुकानात आली. जखम भरली होती, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली होती, आणि मुकादमाची उचल तर आषाढाच्या आधीच घेतलेली. बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, तिच्यात भांडी, गोधड्या, दोन पोरे आणि एक शेळी.

“काका, पाळीची गोळी द्या. तिकडं लागती.”

डॉक्टरांना विचारलेस का, म्हणालो. तिने पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली, बीडच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली. मी एकच पट्टी दिली आणि खाल्ल्याशिवाय घेऊ नकोस, पाणी भरपूर पी, दर महिन्याला वाढतच गेले तर तिथल्या सरकारी दवाखान्यात जा, असे सारे सांगितले.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “समदं खरं हाय काका. पर पहाटं चारला फडात शिरायचं, तवा भाकर कवा करायची आन्‌ कवा खायची?”

मला काही उत्तर सुचेना. नवरा ट्रॅक्टरवरून हाका मारीत होता. तिने पट्टी आणि चिठ्ठी पदरात बांधली, दोन पावले गेली, आणि वळून म्हणाली, “रातचीच ठिवीन एक उशाला. शिळी चालती न्हवं?”

चालते, म्हणालो. ट्रॉली निघाली.